‘नाळे बा’ लिहिलेल्या खिडकीपुढचा बाक

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. सागवानी, पाच माणसांचा, आणि मधली फळी तडकलेला. हल्ली माझा मुक्काम सायकल स्टँडच्या मागं, मोडक्या टेबलांच्या ढिगात असतो. येणारीजाणारी पोरं माझा तडा बघतात आणि म्हणतात, "कुणीतरी गलेलठ्ठ बसला असणार!" हसतात आणि जातात. मी गप्प. बाकानं दुसरं काय करायचं? पण ही फळी कुणाच्या वजनानं तडकली ते मला पक्कं ठाऊक आहे, आणि आज ते मी सांगून टाकणार आहे. म्हातारपणी गोष्ट पोटात ठेवली की तिला वाळवी लागते.

माझा जन्म हुणसूरचा. राज्यांच्या सीमा नव्यानं आखल्या गेल्या आणि म्हैसूर राज्य एकदम बिदर-बेळगावापर्यंत वाढलं, त्यानंतरच्या दोनतीन वर्षांतली गोष्ट. हुणसूरच्या लाकूड डेपोतून ओंडका निघाला आणि एका म्हाताऱ्या सुतारानं मला घडवलं. एक खिळा मारला नाही त्यानं. फळ्या खाचेत बसवल्या, वर दोनदा हात फिरवला आणि म्हणाला, "पन्नास वर्षं हा कुरकुरणार नाही." शब्द त्याचा होता, पाळायचा मला होता. बैलगाडीत बसून मी येलवालवरून म्हैसूरला आलो, गावाच्या पश्चिमेच्या एका कॉलेजात. कॉलेजचं नाव विचारू नका. नाव घेतलं की कुणाच्या तरी नाकाला मिरच्या झोंबतात.

काही वर्षांनी तिथं समाजकार्याचा विभाग निघाला. बी. ए. झाल्यावर तिथं एम. एस. डब्ल्यू. करता यायचं. रोग्यांशी, गिरणीतल्या कामगारांशी, घरच्यांनी टाकलेल्या माणसांशी कसं बोलायचं, त्यांचं कसं ऐकायचं, हे दोन वर्षं शिकवायचे. मला मांडलं होतं प्रवेशाच्या खिडकीपुढं, व्हरांड्यात. अर्जांच्या दिवसांत माझ्यावर पाचाच्या जागी सात बसायचे. बेळगोळच्या कारखान्यांकडची पोरं यायची, थेट बैलकुप्प्याच्या बाजूनंही कुणी कुणी यायचं. सगळ्यांच्या मांडीवर फाइल, आणि सगळ्यांचा जीव त्या फाइलीत. विभागाचे मोठे सर एकदा माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले होते, "या बाकाइतकं कुणी ऐकून घेत नाही इथं." केवढा फुगलो होतो मी त्या दिवशी!

बाकाला तोंडं ओळखू येत नाहीत, मित्रांनो. बाकाला वजन कळतं. आशेनं आलेला माणूस टोकावर टेकतो. ‘नाही’ ऐकून आलेला मागं रेलतो आणि दुप्पट जड होतो. वजन नसलेला माणूस म्हणजे काय, हे मात्र मला बरीच वर्षं ठाऊक नव्हतं.

खिडकीच्या आत बसायचे शंभूराव. म्हैसूरच्या जुन्या मराठी शिलेदार घराण्यातले. पणजोबा घोडदळात होते, ही गोष्ट आठवड्यातून एकदा तरी व्हायचीच. पणजोबांच्या हातात तलवार होती, पणतवाच्या हातात रबरी शिक्का आला. तोही ते तलवारीसारखाच हाणायचे. मी मराठी शिकलो ती त्यांच्याकडून, त्यामुळं माझ्या बोलण्यात कुठं कानडी खडा लागला तर गिळा. माणूस वाईट नव्हता हो! पोरांना फाइल बांधायला स्वतःची सुतळी द्यायचा. पण एक खोड होती. कागदात जराही खोट दिसली की हात झटकायचे आणि म्हणायचे, "नाळे बा." म्हणजे उद्या ये. काय कमी आहे ते सगळं एकदम सांगायचं नाही. आज एक खोट, उद्या दुसरी.

शहात्तर सालच्या जून महिन्यात नागरत्ना आली. येलवालच्या तिरुमलराव मास्तरांची मुलगी. शिकवणी घेऊन घेऊन तिनं बी. ए. केलं होतं. सुट्टीच्या दिवशी कुष्ठरोग्यांच्या वस्तीत जाऊन त्यांची पत्रं लिहून द्यायची. शेजारच्या मुलीला सांगताना मी ऐकलं, "बोटं नाहीत त्यांना, पण घरी कळवायचं असतंच की काहीतरी. मला हे काम नीट शिकायचंय." टोकावर बसायची. सावरून, हलकी, जशी आशा असलेली माणसं बसतात तशी.

पहिल्या दिवशी शंभूराव म्हणाले, "अय्यो, गुणपत्रिकेच्या नकलेवर सही आहे, शिक्का कुठंय? नाळे बा." दुसऱ्या दिवशी शिक्का आला. सगळ्या पोरींना ते मगळे, म्हणजे लेकी, म्हणायचे. "हा पुसट लागलाय, मगळे. साहेब मला फाडून खातील. नाळे बा." तिसऱ्या दिवशी वर्तणुकीच्या दाखल्यावर तारीख नव्हती. पोरगी रोज येलवालहून बसनं यायची आणि रोज परत जायची. एकदाही आवाज चढवला नाही तिनं. कधीकधी वाटतं, चढवायला हवा होता.

चौथा दिवस शेवटचा. पाचला खिडकी बंद. नागरत्ना धावत आली तेव्हा पाच वाजून पाच मिनिटं झाली होती. खिडकी मिटलेली. तिनं हलकेच टकटक केलं. शंभूराव आतूनच म्हणाले, आणि खरं सांगतो, मायेनं म्हणाले, "रडू नको मगळे. साहेब आहेत आत. नाळे बा. उद्या सकाळी ये, आजची तारीख घालून घेतो. माझा शब्द."

ती क्षणभर माझ्यावर बसली. कागद नीट लावले, "सरी, मामा, येते उद्या," म्हणाली आणि गेली. जाताना इतकी खुशीत होती की चप्पल फरशीवर वाजत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला व्हरांडा रिकामा होता. आणि माझ्या मधल्या फळीवर कुणीतरी बसलं.

कसं सांगू तुम्हाला? बसलं, पण वजन नव्हतं. उन्हातलं लाकूड होतं मी, तेवढाच तुकडा पाट्यावरच्या ओल्या वाटणासारखा गार पडला. कागदांची सळसळ ऐकू आली. मग ते गार उठलं आणि खिडकीकडं गेलं. शंभूराव मान खाली घालून अर्जांचा गठ्ठा बांधत होते, मागं त्यांचे सुपरिंटेंडंट उभे. खिडकीच्या कट्ट्यावर फाइल आणि हात दिसला असेल तेवढाच. साहेबांसमोर शब्द पाळायचा कसा? मान वर न करता ते म्हणाले, "नाळे बा."

अर्ध्या तासानं एक गृहस्थ आले. नागरत्नाचे मामा, गंगाधरराव. "काल संध्याकाळी येलवालला बसमधून उतरताना लॉरीनं उडवलं पोरीला," ते म्हणाले. "मास्तरांना वाटतंय, तिचे मूळ दाखले इथं असतील. ते तेवढे द्या."

शंभूराव म्हणाले, "काय बोलताय स्वामी? आत्ता येऊन गेली की ती! फाइल घेऊन उभी होती इथं."

गंगाधररावांनी त्यांच्याकडं बघितलं. "सकाळी आठला दहन झालं तिचं. फाइलसुद्धा सापडली नाही आम्हाला."

त्या दिवशी शंभूरावांच्या हातातला शिक्का दुपारभर उचलला गेला नाही.

आता आमच्या म्हैसूरकडच्या खेड्यांतली एक रीत सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. दिवेलागणीला दारावर कुणीतरी ओळखीच्या आवाजात हाक मारतं. ओ दिली की संपलं. म्हणून माणसं पहिल्या दोन हाकांना ओ देत नाहीत, तिसरी मारायला जिवंत माणूसच लागतो, आणि दारावर खडूनं लिहून ठेवतात, ‘नाळे बा’. जे आलंय ते वाचतं आणि परत जातं. दुसऱ्या दिवशी येतं, वाचतं, परत जातं. भोळं भूत, सुटलो आपण! असं वाटतं माणसाला.

शंभूरावांनी तेच केलं. दुसऱ्या दिवशी पाचच्या ठोक्याला खिडकी लावली आणि बाहेरून झडपेवर खडूनं कानडीत मोठ्ठं लिहिलं, ‘नाळे बा’. मग मागच्या दारानं घरी. पण अहो, ती भूत बनून कुणाचा गळा धरायला आली नव्हती. ती अर्ज द्यायला आली होती! कचेरीतला माणूस उद्या ये म्हणाला की उद्या जायचं, एवढंच त्या गुणी पोरीला ठाऊक होतं.

ती दुसऱ्या दिवशी आली. तिसऱ्या दिवशी आली. बरोबर पाच वाजून पाच मिनिटांनी, तिची खिडकी चुकली होती त्याच वेळेला, रोज. माझी मधली फळी गार व्हायची. कागद लावल्याचा आवाज यायचा. मग ते गार उठायचं, खिडकीपर्यंत जायचं, खडूची अक्षरं वाचायचं आणि निघून जायचं. चप्पल वाजायची नाही.

सोळा वर्षं, मित्रांनो. अक्षरं पुसट होतील म्हणून शंभूराव रोज खडू नवा फिरवायचे. केस पिकले त्यांचे, पण खडू चुकला नाही. लोकांना वाटायचं म्हाताऱ्याला सवय आहे. माझ्यावर संध्याकाळी चौघं बसले असले तरी आपोआप सरकून मधली जागा मोकळी सोडायचे. का सोडली, विचारलं तर त्यांनाही सांगता आलं नसतं. त्या जागेवर धूळसुद्धा बसायची नाही. मी लाकूड आहे, मला कंप सुटत नाही म्हणतात. सुटतो. फक्त कुणी हात लावून बघत नाही.

ब्याण्णव साली तुंगा आली. बेळगोळच्या कारखान्यातल्या फिटरची मुलगी, घरी मराठी बोलणारी, पण निम्मी वाक्यं कानडीत संपवणारी. कामगारांच्या चाळीतल्या बायकांना दोन वर्षं सही करायला शिकवत होती. तिचं माझ्यावर बसणं म्हणजे आदळणंच. पहिल्याच दिवशी मैत्रिणीला म्हणाली, "अप्पांनी एकच वर्ष दिलंय बघ. यंदा प्रवेश मिळाला तर शीक, नाहीतर धारवाडच्या स्थळाला होकार. मला नवरा नकोय असं नाही ग, पण आधी हे हवंय. हे नाही झालं तर मी चाळीत तोंड काय दाखवू? बायकांना सांगत फिरते, आपलं नाव आपण लिहा म्हणून!"

आणि शंभूराव? सोळा वर्षं रोज भूत परतवूनही माणसाची खोड काही परतली नव्हती. "रहिवासी दाखला जुना झाला. नाळे बा." "फोटोवर सही नाही. नाळे बा." मी आतून ओरडत होतो, अहो, पुन्हा तेच करताय! पण सुतारानं मला कुरकुरायचंसुद्धा शिकवलं नव्हतं.

शेवटच्या दिवशी दुपारी कळलं की वर्तणुकीच्या दाखल्यावर प्राचार्यांचा शिक्का नाही. तुंगा धावली. तिचं जुनं कॉलेज शहराच्या दुसऱ्या टोकाला. परत आली तेव्हा पाच वाजून तीन मिनिटं झाली होती. खिडकी बंद, खडू ओला असल्यासारखा पांढराफेक. आत शंभूराव गठ्ठा बांधत होते, शेवटच्या दिवशी तेवढं थांबावंच लागायचं. तिनं टकटक केलं. ओ नाही. "मामा!" ओ नाही. ती वाचत उभी राहिली आणि मग येऊन माझ्या टोकाला बसली. मागं रेलली. किती जड झाली होती ती पोर! ढसाढसा रडायला लागली.

आणि मधली फळी गार पडली.

तुंगाचं रडणं थांबलं. तिनं नाक पुसलं, शेजारी वळली आणि काय म्हणाली ठाऊक आहे? "तुम्हीपण फॉर्म द्यायला आलात का?"

पलीकडचं उत्तर मला ऐकू आलं नाही. कागदांची सळसळ तेवढी आली. मी फक्त तुंगाचं बोलणं सांगू शकतो.

"अय्यो, तुम्हालाही काल नाळे बा म्हणाले? मला चार वेळा. कुठून आलात? येलवाल? बघू, काय राहिलंय अर्जात. मला आता सगळं पाठ झालंय."

कागद उलटल्याचा आवाज झाला. मग तुंगा ताठ झाली. कागदावरची तारीख तिनं वाचली होती, मित्रांनो. तिनं तेव्हाच उठून पळायला हवं होतं. मला पाय असूनही पळता येत नाही, तिला येत होतं. पण ती उठली नाही. तिनं कागद नीट लावले आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "काही राहिलेलं नाही हो यात. सगळं बरोबर आहे. चला."

ती एकटीच उठली, खिडकीशी गेली आणि तिनं तीन हाका मारल्या. "मामा. मामा. शंभूराव मामा." तिसरी हाक माणसाची, ती कुणाला टाळता येत नाही.

"कोण?" आतून आवाज आला.

"माझा फॉर्म नंतर घ्या, नाही घेतला तरी चालेल. माझ्याआधी इथं एकजणी बसल्यात. त्यांचा घ्या."

"कोण बसलंय?"

"नागरत्ना तिरुमलराव. येलवाल."

आत खुर्ची पडली. व्हरांड्यात चिटपाखरू नव्हतं. मला वाटलं, हा आता मागच्या दारानं जाणार. गेलाच असता तर मी त्याला दोष दिला नसता. पण आमच्या शंभूरावांच्या अंगात पणजोबांचं थोडं रक्त होतंच म्हणायचं. कडी वाजली. सोळा वर्षांत पहिल्यांदा पाचनंतर खिडकी उघडली.

त्यांनी तुंगाच्या खांद्यावरून माझ्याकडं बघितलं. काय दिसलं त्यांना, मला ठाऊक नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पुसायचंही भान नव्हतं.

"ये, मगळे," ते म्हणाले. "उद्या ये म्हणालो होतो ना? तो उद्या आज आहे. चुकलो मी. आण इकडं."

मित्रांनो, त्या क्षणी माझ्या मधल्या फळीवरून कुणीतरी उठलं. सोळा वर्षांत न आलेलं वजन एकदम आलं, तरण्याताठ्या मुलीचं, रोजच्या येरझाऱ्यांचं, सगळंच्या सगळं. ते पायांवर आलं आणि उठलं, आणि मी तडकलो. कड्कन. कॉलेजभर आवाज गेला असेल. सुतारबाबा, माफ करा, पन्नास वर्षांचा तुमचा शब्द तिथं मोडला.

मग फरशीवर चपला वाजल्या. खिडकीपर्यंत. शिक्का पडला, दाणकन. शंभूरावांनी पोचपावती फाडली आणि हात खिडकीबाहेर धरला. "ही तुझी पावती. आता उद्या यायचं नाही. घरी जा, बाळ. मास्तर वाट बघत असतील तिकडं." तिरुमलराव मास्तर जाऊनही तोवर आठ वर्षं झाली होती. पावती त्यांच्या हातातून गेली. चपला व्हरांडाभर वाजत गेल्या, खुशीत, शहात्तर सालच्या त्या संध्याकाळी गेल्या होत्या तशाच.

"तुझाही दे," शंभूराव तुंगाला म्हणाले. मग बाहेर येऊन त्यांनी बाहीनंच खडू पुसला. पुसताना लहान मुलासारखे हुंदके देत होते आणि तुंगा त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. ऐकत राहिली.

दुसऱ्या दिवशी नव्या साहेबांनी अर्ज मोजले, तर नोंदीपेक्षा एक जास्त. पिवळा पडलेला, जुन्या छापाचा, त्यावर कालचा ताजा शिक्का. साहेब ओरडले, "हे काय आहे?" शंभूराव म्हणाले, "उशीर माझा आहे, साहेब. सोळा वर्षांचा आहे. काय शिक्षा द्यायची ती द्या." साहेबांनी कागद हातात धरला आणि लगेच खाली ठेवला. म्हणाले, फार गार आहे. तुंगाच्या उशिराचं त्यांनी मग विचारलंच नाही.

तुंगाला प्रवेश मिळाला. दोन वर्षं ती रोज माझ्याजवळून जायची आणि तडकलेल्या फळीला बोटं लावायची. धारवाडचं स्थळ दुसरीकडं गेलं, त्याचं पुढं बरंच झालं म्हणतात. शंभूरावांनी निवृत्तीपर्यंत कुणालाही नाळे बा म्हटलं नाही. कागदात चार उणिवा असल्या तर चारही एकदम सांगायचे, लिहून द्यायचे. पुढं व्हरांड्यात लोखंडी खुर्च्या आल्या आणि तडकलेल्या बाकाला सायकल स्टँडमागं धाडलं.

मला कुणी दुरुस्त करा, असं मी म्हणणार नाही. केलंत तर बरं वाटेल, पावसाचं पाणी तड्यात मुरतं आणि सांधे धरतात. पण मागणं वेगळंच आहे. तुम्ही मोठे व्हाल, कुणी खिडकीच्या आत बसाल, कुणी दाराच्या. बाहेर कुणीतरी कागद घेऊन बसलेलं असेल. त्याला हो म्हणा. नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणा, रडेल आणि उठून जाईल, वजनासकट जाईल. पण तोंडदेखलं उद्या ये म्हणू नका, बाळांनो. तुम्ही ते विसरून घरी जाता. ती माणसं येतात.